सुटली म्हणा

२४ ऑक्टोबर १९९९

ती. आई,

इथूनच वाकून नमस्कार केला आहे. योगेश म्हणतो, पृथ्वी गोल आहे, तेव्हा तो बरोबर तुमच्या पायांशीच निघणार.

आम्ही पोहोचलो आणि बऱ्यापैकी रुळलोही. पर्थपासून मोटारीने तीन तास दक्षिणेला हे गाव. एका बाजूला द्राक्षबागा, दुसऱ्या बाजूला समुद्र. बागेच्या मालकाने मागच्या अंगणातल्या दोन खोल्या आम्हाला दिल्या आहेत. योगेशचं द्राक्षबागेतलं काम आपल्याकडच्यासारखंच आहे, फक्त इथे मालकसुद्धा अर्ध्या चड्डीत फिरतो.

आता तुम्ही सांगितलेलं काम. नव्या गावात गेलं की आधी पाण्याची ओटी भरायची, असं आम्ही निघताना तुम्ही बजावलं होतंत. इथे आपल्याकडची गंगा नदी नाही, म्हणून समुद्राची भरली. खण बॅगेत होता, नारळ दुकानात मिळाला. हात जोडले आणि नारळ सोडला. लाटेने परत आणून दिला. पुन्हा सोडला, पुन्हा परत. मग एक साठीची बाई लाटेवर उभी राहून आली. खरंच उभी! पायाखाली लांबडी फळी, केस पांढरे, अंगात काळा रबरी पोशाख. नारळ माझ्या हातात देत म्हणाली, "पोरी, तुझा पडला होता."

मी तिला ओटी समजावून सांगायला लागले. तिला एवढंच कळलं की मला समुद्राला काहीतरी द्यायचं आहे. "मग लांब जाऊन दे ना," म्हणाली, आणि मला फळीवर पोटावर निजवून लाटांच्या पलीकडे घेऊन गेली. ओटी तिथे नीट पोहोचली. येताना मी चार घोट खारं पाणी प्यायले, ते प्रसाद समजून गिळलं.

तिचं नाव मॉरीन. ती शाळेची बस चालवते आणि मला सर्फिंग शिकवणार आहे. शाळेत असताना तरणतलावात शिकलेलं पोहणं आता कुठे उपयोगी येतंय. तुमचे चिरंजीव मात्र काठावर बसून माझे कपडे आणि चपला सांभाळतात. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं की मागे सरकतात. एवढा उंचापुरा गडी, आणि लाटेला भितो! तुम्हीच त्याला चार शब्द सुनावा.

तुमची,
शुभांगी

मखमलाबाद, १० नोव्हेंबर १९९९

चि. शुभांगी आणि योगेश,

दोघांना पोटभर आशीर्वाद. दिवाळीचा झेंडू संपवून काल मोकळी झाले. हात अजून पिवळे आहेत, तेव्हा कागदावर डाग दिसला तर तो फुलांचा आहे, पिठल्याचा नाही.

तुझी ओटी परत आल्याची गोष्ट मी गंगेवर फुलं विकताना शेजारी बसणाऱ्या नवसाबाईला सांगितली. ती लगेच म्हणाली, "ओटी माघारी आली म्हंजी पोरीची ओटी भरणार, साळूबाई. लिहून ठेव." मी म्हटलं, "अगं, तिकडची लाट हाय ती. तिला काय कळतंय?" तरी मनात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला सांगू.

आता योगेशचं. त्याला चार शब्द मी सुनावणार नाही. तो मागे सरकतो तो भिऊन नाही, माझ्यामुळे. त्याचे वडील पट्टीचे पोहणारे. भरल्या विहिरीत मोटारीचा पाइप बघायला उतरले आणि वर आले नाहीत. योगेश तेव्हा सात वर्षांचा होता. दिवसकार्य झाल्यावर मी त्याला विहिरीच्या काठावर नेलं, त्याचा हात माझ्या गळ्याला लावला आणि शपथ घालून घेतली, की गुडघ्याला पाणी लागलं की मागे फिरायचं. ती तो आजतागायत पाळतो आहे. गंगेला पूर आला की बरोबरीची पोरं पुलावरून उड्या मारायची आणि हा कठडा धरून उभा असायचा. पोरं काय काय चिडवायची. हा ऐकून घ्यायचा आणि घरी येऊन मुकाट्याने जेवायचा. तेव्हा त्याला भित्रा म्हणू नकोस. म्हणायचंच असेल तर आईवेडा म्हण.

तू खुशाल खेळ. तुला माझी शपथ नाही. मीही लहानपणी माहेरच्या विहिरीत पोहायचे. पाठीला सुका भोपळा बांधून बापाने ढकललं होतं. भोपळा काही बुडू देत नाही. आता मात्र मी आपल्या विहिरीत डोकावतसुद्धा नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चिमाजी भावजींच्या घरी फोनपाशी बसून राहीन. भाकरी टाकून येते, तेव्हा वेळेवर करत जा.

साळूबाई

१९ डिसेंबर १९९९

ती. आई,

तुमचं पत्र वाचून मी योगेशला विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला, "सांगून काय करणार? आईचा गळा आहे तो." आणि माझी ओली फळी पुसायला लागला. मी त्याला भित्रा म्हटल्याचं मला फार लागलं. त्या दिवशी मी त्याच्यासाठी पुरणपोळ्या केल्या. पुरण शिजलंच नाही, त्याने दोन खाल्ल्या.

बातमी अशी की मी उभी राहिले! फळीवर, लाटेवर, स्वतःच्या पायांवर. फार वेळ नाही, तुम्ही "साळूबाई" म्हणाल तेवढाच. पण तेवढ्यात पाणी मला घेऊन धावत होतं आणि मी पडत नव्हते. काठावर योगेश माझी चप्पल हातात घेऊन नाचत होता. मॉरीन म्हणाली, "तुझ्या नवऱ्याला घेऊन ये एकदा पाण्यात, काठावर एवढा नाचतो तर आत काय करेल!"

बाकी संसार जोरात आहे. मी मागच्या अंगणात मेथी पेरली होती. कांगारू आला, शेपटीवर रेलून बसला आणि जावईबापूंसारखा सगळी मेथी सावकाश खाऊन गेला. छपरावर पापड वाळत घातले ते पांढऱ्या पोपटांनी नेले. योगेश म्हणतो, उरलेली बी आता पोपटांना विचारून पेर.

आई, एक मागू? लहानपणी आम्ही मैत्रिणी एकमेकींना शपथ घालायचो आणि पुढे जड झाली की म्हणायचो, "सुटली म्हण." जिची शपथ तिने "सुटली" म्हटलं की मोकळं. तुम्ही एकदा म्हणा ना. त्याचं तोंड समुद्राकडे असतं आणि पाय वाळूत रुतलेले असतात. मला बघवत नाही.

तुमची,
शुभांगी

मखमलाबाद, ८ जानेवारी २०००

चि. शुभांगी,

नाही म्हणणार.

तू लाडाने मागितलंस म्हणून रागावत नाही. पण मी एक माणूस पाण्याला दिला आहे. दुसरा मागायला पाण्याने येऊ नये. आणि हेही सांगते, शपथ कागदावर लिहून सुटत नाही. तोंडाने घातली, तोंडानेच सुटते. माझं तोंड काही तो शब्द काढायला तयार नाही. तेव्हा पुन्हा विचारू नकोस.

मेथीचं वाचून फार हसले. आपल्याकडे निदान गुरं तरी ओळखीची असतात.

थंडीने माझा आवाज बसलाय, मफलर गुंडाळून बसते. फोनवर नीट ऐकू आलं नाही तर काळजी करू नका.

साळूबाई

२० फेब्रुवारी २०००

ती. आई,

नमस्कार. आम्ही ठीक आहोत. द्राक्षांची तोडणी सुरू झाली आहे. योगेश शिडीवरून घसरला होता, खांद्याला थोडं लागलंय, आता बरं आहे. समुद्रावर सध्या जात नाही, पाणी थंड झालंय.

पहिल्या रविवारी दुपारी फोन केला तर चिमाजीकाका म्हणाले, तुम्ही लग्नाला गेलात. कोणाच्या लग्नाला ते काही नीट सांगेनात. योगेश रोज विचारतो. तुमची तब्येत बरी आहे ना? एवढंच लिहा, पण लवकर लिहा.

शुभांगी

मखमलाबाद, १२ मार्च २०००

चि. शुभांगी,

शेजारच्या भागीबाईच्या नातीच्या लग्नाला सुरगाण्याकडे गेले होते. जीपमध्ये माणसावर माणूस, धुळीने जीव नकोसा झाला. लग्न चांगलं झालं. मी ठणठणीत आहे. शेवंती संपली, आता मोगरा धरलाय.

चिमाजी भावजींचा फोन डबडा झालाय, तेव्हा आता पत्रच पाठवत जा.

आणि काय गं, फेब्रुवारीत तिकडे कडक उन्हाळा असतो असं तूच फोनवर सांगितलं होतंस. मग पाणी थंड कसं झालं? काही लपवायचं असेल तर माणसाने नीट लपवावं.

साळूबाई

९ एप्रिल २०००

ती. आई,

चिमाजीकाकांचा फोन डबडा झालेला नाही. माझ्या आईने इंदिरानगरहून लावून बघितला, पहिल्या फटक्यात लागला. तेव्हा नीट लपवणं तुम्हालाही जमलेलं नाही. आधी मी माझं खरं सांगते, मग तुम्ही तुमचं सांगा.

योगेश शिडीवरून पडला नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी मी समुद्रात होते. मोठ्या लाटेने फळी हिसकावून नेली आणि पाण्याची एक ओढ मला सरळ आत घेऊन जायला लागली. मी हात वर केला. काठाकडे बघितलं तर योगेश धावत येत होता. गुडघ्याला पाणी लागलं तेव्हा तो थांबला. आई, मी ते बघितलं, तो थांबला आणि क्षणभर खाली पाण्याकडे बघितलं. मग सरळ आत शिरला. कंबर, छाती, आणि मग त्याचं डोकंच दिसेना. मला माझी भीती राहिलीच नाही, मी त्याच्याच नावाने ओरडत होते. मॉरीनने त्याला आधी काढलं आणि मग मला. खडकावर आपटून त्याचा खांदा सोलवटला होता. वाळूवर खोकत खोकत तो पहिला शब्द काय बोलला असेल? "आईचा गळा."

त्याच दुपारी तुम्हाला फोन केला आणि तुम्ही फोनवर आला नाहीत. पुढच्या महिन्यात नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मला आधी वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलं आणि तुम्ही रागावलात. त्याला तेवढाही दिलासा नाही. त्याने मनाशी धरलंय की शपथ मोडली आणि तुमचं काहीतरी झालं. जेवताना घास हातात राहतो. काम सोडून परत जायचं म्हणतो. मॉरीन माझी फळी घेऊन दारात येते आणि आमची तोंडं बघून परत जाते.

आई, खरं काय ते लिहा. कसंही असलं तरी लिहा.

तुमची,
शुभांगी

मखमलाबाद, २ मे २०००

चि. शुभांगी आणि योगेश,

पत्र वाचलं आणि ओट्यावर जाऊन बसले. आधी तुझा राग आला, मग त्याचा आला, मग रडू आलं. पोहता येत नाही आणि वाचवायला निघाला! पण योगेश, ऐक. बायको हात वर करते आणि तू शपथ पाळत काठावर उभा राहिला असतास, तर मी तुला घरात घेतलं नसतं. मोडलीस ते चांगलं केलंस.

आता माझं. माझ्या गळ्यात गाठ होती, दिवाळीतच हाताला लागली, सुपारीएवढी. नवसाबाईने ओढून डॉक्टरकडे नेलं. ऑपरेशनचा दिवस त्यांनी संक्रांतीच्या आधीच ठरवला होता, तो नेमका तुमच्या फोनच्या आदल्या दिवशी आला. गाठ साधी निघाली, जिवाला काही नाही. पण आवाज गेला. तोंड उघडलं की नुसता वारा निघतो. डॉक्टर म्हणतात, काहींचा सावकाश येतो, सराव करा. म्हणून मी फोनवर येत नाही. हा पोरगा गळ्याचं मनाला लावून घेणार हे मला ठाऊक होतं, म्हणून लिहिलंही नाही.

गंगेवर आता माझ्या वाटचंही नवसाबाईच ओरडते. "घ्या साळूबाईचा मोगरा! बाई मुकी हाय, पर मोगरा बोलका हाय!" गिऱ्हाईक हसतं आणि घेतं.

योगेश, गाठ आधीची आहे. तू पाण्यात गेलास ते नंतर. हिशेब तूच लाव.

"सुटली" म्हणायला मी आता तयार आहे रे, पण म्हणायला तोंड नाही. म्हणून दुसरं करते. शुभांगीचा मामेभाऊ समर्थ जूनमध्ये पर्थला शिकायला येतोय ना, त्याच्याबरोबर भोपळा पाठवते. कुंपणावर वाळलेला आहे, खणखणीत. पाठीला बांध आणि उथळ पाण्यात शीक. बिया आतच ठेवल्या आहेत, तिकडे अंगणात लावा.

साळूबाई

१६ जुलै २०००

ती. आई,

तुमचा भोपळा ऑस्ट्रेलियन सरकारने जप्त केला.

इथे बाहेरचं बी-बियाणं, फळ, लाकूड काहीच आणू देत नाहीत, हे मी तुम्हाला कळवायला हवं होतं. समर्थची बॅग उघडली तर कपड्यांत गुंडाळलेलं हे बाळ. अधिकाऱ्याने विचारलं, काय आहे? समर्थ खरं बोलला, "पोहण्यासाठी आहे." त्यांनी चार जण बोलावले. एकाने हलवून बघितला, आत बिया खुळखुळल्या, आणि मग काय विचारता! बिचाऱ्याला तासभर बसवून घेतलं. शेवटी एक चिठ्ठी दिली, की बियांसकट एक भोपळा नष्ट करण्यात येत आहे.

योगेश त्याला घ्यायला विमानतळावर गेला होता. चिठ्ठी वाचून तो तिथेच बॅगेवर बसला आणि हसायला लागला. किती महिन्यांनी हसला! हसता हसता रडायला लागला. समर्थ घाबरून म्हणाला, "भावजी, भोपळाच होता ना? दुसरा मागवू."

मी योगेशला म्हटलं, भोपळा नाही आला, पण आईंच्या मनातलं तर आलं. आता चल पाण्यात. तर म्हणतो, "शपथ तोंडाने घातली, तोंडानेच सुटते. आईनेच लिहिलंय." तुमचाच मुलगा तो. परत यायचं मात्र आता बोलत नाही, जेवतोही नीट. मीही पुन्हा फळी बाहेर काढली आहे. तो काठावर येऊन बसतो, पण मी आत गेले की डोळे मिटून घेतो.

आई, मी घाई करत नाही. पण डॉक्टरांनी सांगितलेला सराव करताय ना?

तुमची,
शुभांगी

मखमलाबाद, १२ सप्टेंबर २०००

चि. शुभांगी,

एक भोपळा आणि त्याला चार अधिकारी! आपल्याकडे विहीर खणायलासुद्धा एवढी माणसं येत नाहीत. मी नवसाबाईला खुणा करून सांगितलं, ती खाली बसून हसली.

सरावाचं विचारलंस. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडं मोठ्याने बोला. घरात बोलले तर मलाच ऐकू येत नव्हतं. मग आठवलं, माहेरी आम्ही पोरी विहिरीत तोंड घालून हाका मारायचो. विहीर बारीक आवाजसुद्धा मोठा करून देते. पण आपली विहीर म्हणजे तुला माहीत आहे. हे गेल्यापासून मी तिकडे पाठ करूनच वावरले.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी फुलं तोडून झाल्यावर गेले. काठाला धरून वाकले. पाणी भरपूर होतं, स्वच्छ होतं, माझंच तोंड दिसलं. आधी ह्यांना हाक मारली. वाराच निघाला. रोज जायला लागले. पोळ्याच्या सुमाराला घोगरं काहीतरी निघालं. गौरी गेल्या त्या दिवशी "सुटली" म्हटलं, आणि विहिरीने ते मला परत म्हणून दाखवलं, माझ्यापेक्षा मोठ्याने. मी तिथेच बसून पोटभर रडले. मग उठून पाणी शेंदलं आणि तोंड धुतलं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी फोन करा. चिमाजी भावजींना सांगून ठेवलंय, मीच उचलणार. आवाज ओळखू येणार नाही, बेडूक बोलतोय असं वाटेल. योगेशला म्हणावं, घाबरू नकोस. एकच शब्द बोलणार आहे, नीट कान देऊन ऐक.

साळूबाई

१४ जानेवारी २००१

आई,

आजवर शुभांगीच्या पत्रात "माझाही नमस्कार" एवढंच लिहीत आलो. आज पहिल्यांदा सगळं पत्र माझं आहे. अक्षर सांभाळून घे.

ऑक्टोबरमध्ये तू फोनवर तो शब्द बोललीस. तू "ऐकू आलं का रे?" विचारलंस आणि मी मान हलवली, फोनवर! मग मॉरीनने आणि शुभांगीने मला शिकवायला घेतलं. भोपळ्याऐवजी पाठीला फोमचा तुकडा बांधला. गुडघ्याला पाणी लागलं की पाय आपोआप थांबायचे. शुभांगी पुढे जाऊन उभी राहायची आणि "सुटली!" म्हणून ओरडायची. आता किनाऱ्यावरच्या गोऱ्या पोरांनाही तो शब्द येतो. त्यांना वाटतं, लाट आली की असंच ओरडायचं असतं.

आज सकाळी मी लाटांच्या पलीकडे गेलो, जिथे शुभांगीने ओटी सोडली होती तिथे. पाय टेकत नव्हते. फळीवर पालथा पडून हात मारले, लाटेने उचललं, आणि मी उठलो. उभा राहिलो, आई. लगेच पडलो, पण उभा राहिलो.

पडल्यावर पाण्याखाली एकच विचार आला. बाहेर आलो आणि तसाच ओला, गाड्या लावतात तिथल्या फोनच्या खोक्याकडे पळालो. शुभांगी मागून पैसे घेऊन धावत आली. तुमच्याकडे जेमतेम उजाडलं असेल. चिमाजीकाका तुला फुलांच्या वाफ्यातून बोलवायला गेले आणि तू येईपर्यंत मी खोक्यात गळत उभा होतो. मला फक्त तुझा गळा कसा आहे ते बघायचं होतं.

तू आलीस आणि मी "पाण्यात गेलो होतो, तू बरी आहेस ना?" एवढंच विचारलं. मग जे सुरू केलंस! एवढ्या सकाळी कोणी फोन करतं का, माझ्या काळजाचं पाणी झालं, ओल्या अंगाने वाऱ्यात उभा आहेस, डोकं पुसलंस का, अक्कल विकून खाल्लीस का. संक्रांतीच्या दिवशी गोड बोलायचं सोडून तू इतकी ओरडलीस की मला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. बाहेर उभ्या असलेल्या शुभांगीलाही शब्द न् शब्द ऐकू आला. ती हसत होती आणि मी रडत होतो.

डोकं पुसलं आहे. उद्या पुन्हा जाणार आहे.

तुझा,
योगेश